बांधून आणलेलं इंजिन ठोकत असेल तर

नवे पिस्टन-रिंग टाकून इंजिन घरी येतं, दुसऱ्या किकला सुरूही होतं आणि आतून ठकठक ऐकू यायला लागते. अशा वेळी बहुतेक लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर 'नवं काम आहे, बसेल हळूहळू' म्हणून तसंच चालवत राहतात. नाहीतर चिडून गाडी दुसऱ्या गॅरेजला टाकतात आणि तिथला माणूस न ऐकताच पाना लावतो. पहिल्या प्रकारात इंजिन जातं. दुसऱ्या प्रकारात पैसे जातात आणि बऱ्याचदा आवाज जिथल्या तिथे राहतो. नाशिक जिल्ह्यातल्या दुचाकीवाल्यांना आणि शेतकऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: ठोकणारं इंजिन चालवू नका, आणि आवाज ओळखल्याशिवाय कुणाला उघडूही देऊ नका.

आपल्या जिल्ह्याचा रोजचा गाडा एका सिलेंडरवर चालतो. सातपूर-अंबडच्या पाळीला जाणाऱ्या कामगाराची स्प्लेंडर, खेड्यातल्या दूधवाल्याची जुनी एम-एटी, दिंडोरी-निफाडच्या बागेत औषध मारणाऱ्या एचटीपी पंपाचं इंजिन, विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, द्राक्षाच्या दोन ओळींमधून जाणारा पंधरा हॉर्सपॉवरचा महिंद्रा युवराज, या सगळ्यांना सिलेंडर एकच. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फवारणीचं इंजिन चार दिवस बंद पडलं, तर डाऊनी रोग थांबून राहत नाही. म्हणून घाई होते, आणि घाईत बांधलेलं इंजिन ठोकतं.

चार सिलेंडरच्या गाडीत एकेका सिलेंडरचं जळण तोडून ठोका कुठला ते शोधता येतं. इथे ती सोय नाही, एकमेव सिलेंडर तोडला की इंजिनच बंद पडतं. शिवाय छोट्या इंजिनात सगळं एकमेकांना खेटून असल्यामुळे टॅपेटचा आवाज क्लचच्या झाकणातून ऐकू येतो आणि क्रँकचा हेडमधून. त्यामुळे आवाज कुठून येतो यापेक्षा तो कधी येतो हे आधी विचारावं. थंड असताना जास्त की गरम झाल्यावर? रिकामं चालताना की लोडवर? रेस देताना की सोडताना? क्रँकच्या प्रत्येक फेरीला की दोन फेऱ्यांतून एकदा? या प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा आणि तो कागद घेऊनच मेकॅनिककडे जा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला तर आणखी बरं, पण थंड इंजिनाचा आणि गरम इंजिनाचा वेगवेगळा करा.

सुरुवात बाहेरून करायची. इंजिनाचे माउंटिंग बोल्ट, सायलेन्सरचे नट, चेन-कव्हर, फूटरेस्ट सगळं हाताने हलवून आणि पान्याने पाहून घ्या. इंजिन उतरवून पुन्हा चढवलेलं असतं, एखादा बोल्ट अर्धवट आवळलेला राहतोच. सायलेन्सरच्या तोंडाशी पॅकिंग नीट बसलं नसेल तर तिथून गॅस फुटतो आणि तो हुबेहूब टॅपेटसारखा टिकटिक वाजतो. तिथे काजळीचा काळा फराटा दिसला की समजा आवाज तिथला आहे. गाडी न्यूट्रलला असताना क्लच दाबून पाहा. दाबल्यावर आवाज बदलला किंवा थांबला, तर क्लचची बास्केट आणि गिअरची बाजू पाहायची, पिस्टनकडे जायचं कारण नाही.

नंतर तेल. डिपस्टिक पाहायचीच, पण तेवढ्यावर थांबू नका. इंजिन बांधताना पॅकिंगला गरजेपेक्षा जास्त सिलिकॉन लावलं, तर त्याची गुठळी तेलाच्या बारीक वाटेत अडकते. खाली तेल भरपूर असतं आणि वर रॉकर कोरडे चालतात. टॅपेटचं झाकण काढून इंजिन अगदी मंद ठेवा आणि वर तेल येतंय का ते डोळ्यांनी पाहा. येत नसेल तर त्याच क्षणी इंजिन बंद करा. बाकीची तपासणी त्यानंतर.

टॅपेटचा आवाज सगळ्यांना ओळखता येतो. बारीक, टोकदार, वरून येणारा, दोन फेऱ्यांतून एकदा वाजणारा. चार-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो म्हणून असं होतं. हेड उघडून बसवल्यावर टॅपेटची फट बदलते. इंजिन पूर्ण थंड असताना फिलर गेजने ती पुन्हा लावायची. यात एक चूक सर्रास होते. मॅग्नेटवरची 'टी' खूण दर फेरीला येते, म्हणजे एका पूर्ण चक्रात दोनदा. त्यातली कॉम्प्रेशनची वेळ धरायची, तेव्हा दोन्ही रॉकर मोकळे हलतात. दुसऱ्या वेळी धरलं तर एक व्हॉल्व्ह मिटत असतो, दुसरा उघडत असतो, आणि लावलेली फट चुकीची निघते. टॅपेट दोनदा लावूनही आवाज गेला नाही असं कुणी सांगितलं, तर आधी ही खूण विचारा. रेस सोडताना साखळी फडफडल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर पाहायचा. तो विषय तेवढाच.

पिस्टनचा आवाज मात्र सविस्तर समजून घ्यायला हवा, कारण बांधणीनंतरच्या ठोक्यांपैकी पुष्कळ इथे जन्मतात. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, सिलेंडरची स्लीव्ह बिडाची. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम जास्त फुगतं, म्हणून दोघांमध्ये फट ठेवावीच लागते. स्प्लेंडरचा बोअर ५० मिलीमीटरचा. एवढ्या बोअरला ही फट मिलीमीटरच्या काही शतांश भागांत मोजतात. माणसाच्या डोक्याचा केस साधारण त्याहून जाड असतो. लेथवाल्याने बोअर थोडा जास्त खाल्ला, किंवा झिजलेल्या जुन्या ब्लॉकमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकल्या, तर पिस्टन खाली उतरताना एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटतो. हा आवाज पोकळ, बसका असतो, थंड इंजिनात जास्त येतो आणि इंजिन तापून पिस्टन फुगला की कमी होतो. निफाडला थंडीत पारा पाच अंशांखाली उतरतो. अशा पहाटे सुरू केल्यावर मिनिटभर हलकी टकटक आली आणि गेली, तर घाबरू नका. इंजिन चांगलं तापल्यावरही ती राहत असेल तर बोअरचं माप चुकलंय. ओळखायची सोपी रीत आहे. प्लग काढा, त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, प्लग न लावता चार-सहा किक मारा, मग प्लग लावून सुरू करा. थोडा वेळ धूर येईल. तेवढ्या वेळात ठोका मंदावला आणि तेल जळून गेल्यावर परत आला, तर आवाज पिस्टन आणि भिंत यांच्यामधला आहे. ही रीत पेट्रोल इंजिनाची. डिझेलच्या सिलेंडरमध्ये असं तेल ओतू नका, तिथे ते इंधनासारखं पेटतं.

माप बरोबर असूनही पिस्टन वाजतो, जेव्हा तो उलटा बसवलेला असतो. पिस्टनच्या डोक्यावर 'आयएन' अशी खूण किंवा बाण असतो. चार-स्ट्रोकमध्ये 'आयएन' कार्बोरेटरच्या बाजूला यायला हवं. पुष्कळ पिस्टनांत गजन पिन, म्हणजे पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी पिन, बरोबर मध्यावर नसते, किंचित एका बाजूला सरकवलेली असते, ती पिस्टनने भिंतीवर आपटू नये म्हणूनच. पिस्टन उलटा बसला की तीच सोय उलटी पडते. त्यात व्हॉल्व्हसाठी डोक्यावर केलेले खळगे लहान-मोठे असतील, तर मोठा व्हॉल्व्ह छोट्या खळग्यावर येतो. जुन्या एम-एटी किंवा चेतकसारख्या टू-स्ट्रोकमध्ये बाण सायलेन्सरकडे ठेवतात. तिथे उलटा बसला तर रिंगेचं तोंड पोर्टवर येऊन रिंग तुटू शकते. टू-स्ट्रोकमध्ये आणखी एक बारकावा आहे. बोअर केल्यावर पोर्टच्या धारा कानशीने मोडाव्या लागतात. त्या तशाच राहिल्या तर रिंग प्रत्येक फेरीला धारेवर अडखळते आणि टिकटिक येते.

गजन पिनचा आवाज हलका, धातूवर धातू वाजल्यासारखा आणि बऱ्याचदा जोडीने येतो, टक-टक. बांधताना पिनेच्या दोन्ही टोकांची लॉकं नवीनच टाकायची असतात. जुनं लॉक सैल असतं. ते निसटलं की पिन सरकून नव्या बोअरवर खोल रेघ ओढते आणि तो बोअर वाया जातो. ही दोन लॉकं स्वस्त असतात, म्हणूनच ती विसरली जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे 'हाफ इंजिन' करायची पद्धत आहे. वरचं काम करायचं, म्हणजे बोअर, पिस्टन, व्हॉल्व्ह, आणि खालचा क्रँक तसाच ठेवायचा. खालचं बेअरिंग खरोखर चांगलं असेल तर यात काही चूक नाही. पण झिजलेल्या पिस्टनमुळे कॉम्प्रेशन गळत होतं, तेव्हा क्रँकच्या बेअरिंगवर पुरता भार कधी येतच नव्हता. वरचं काम नवं झालं, कॉम्प्रेशन भरून आलं, स्फोटाचा पूर्ण दाब खाली उतरला, आणि इतके दिवस गप्प असलेलं जुनं बेअरिंग बोलायला लागलं. मालक म्हणतो, काम करायच्या आधी आवाज नव्हता, मेकॅनिकने बिघडवलं. मेकॅनिक म्हणतो, मी खाली हातच लावला नाही. दोघंही खरं बोलत असतात. हा आवाज जड आणि खोल असतो, रेस देताना आणि चढावर वाढतो. इंजिन तापून तेल पातळ झाल्यावर तो कमी होत नाही, उलट वाढतो. थंड असताना वाजून गरम झाल्यावर गप्प होणारा पिस्टन आणि गरम झाल्यावर जास्त वाजणारं क्रँकचं बेअरिंग, एवढा एक फरक लक्षात ठेवलात तरी अर्धं निदान झालं.

खात्री करायची तर प्लग काढा, पिस्टन अर्ध्या वाटेवर आणा आणि मॅग्नेट हाताने हलकेच पुढे-मागे करा. पिस्टन हलण्याआधी मॅग्नेट जरा रिकामा फिरतो असं जाणवलं, तर खाली फट आहे. ब्लॉक काढलेला असेल तर कनेक्टिंग रॉड सरळ वर-खाली ओढून पाहा. आडवा थोडा सरकला तर चालतो, तसा तो सरकायलाच हवा. पण वर-खाली हललेला अजिबात चालत नाही. हाफ इंजिन करायला द्याल तेव्हा ब्लॉक काढल्यावर हे तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. मिनिटभराचं काम आहे. क्रँकचा ठोका येत असताना गाडी पाच किलोमीटरही चालवू नका. बेअरिंग फुटलं की रॉड क्रँककेस फोडून बाहेर येऊ शकतो.

आणखी एक ठोका आहे, तो भागांचा नसून जळण्याचा आहे. कसारा घाट चढताना किंवा नांदुरीहून सप्तशृंगगडाकडे जाताना, वरच्या गिअरमध्ये रेस पिळली की कडकड असा आवाज येतो आणि गिअर उतरवला की जातो. इंधन वेळेआधी किंवा एकदम पेटल्याचा हा आवाज. बांधणीनंतर तो नव्याने सुरू झाला तर कारणं बांधणीतच शोधा: हेड घासून कॉम्प्रेशन वाढलं, पातळ पॅकिंग पडलं, हेडमधला कार्बन काढलाच नाही, भलत्या नंबरचा प्लग लागला, किंवा मॅग्नेटची चावी कापली जाऊन टायमिंग सरकलं. सध्या सगळे जण इथेनॉलला दोष देतात. पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलने हा ठोका वाढत नाही, त्याचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त आहे. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मात्र मिश्रणात हवेचं प्रमाण वाढतं आणि इंजिन जास्त तापतं, तेव्हा कार्बोरेटर पुन्हा लावून घ्या.

भागांचा ठोका आणि जळण्याचा ठोका वेगळे करायला एक साधी चाचणी आहे. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. थोडी रेस देऊन एकदम चावी बंद करा आणि इंजिन थांबेपर्यंतच्या दोन-तीन सेकंदांत कान द्या. चावी बंद होताच ठोका गेला, तर तो जळण्याचा किंवा जळण्याच्या दाबाखाली वाजणाऱ्या बेअरिंगचा. फिरणं थांबेपर्यंत राहिला, तर काहीतरी सैल आहे किंवा एकमेकांना लागतंय. डिझेल इंजिनाला जड फ्लायव्हील असल्याने हे आणखी स्पष्ट कळतं. इंधन तोडायचा लिव्हर ओढा आणि ऐका. इंधन तोडायला म्हणून नोझलची नळी चालू इंजिनावर सैल करू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि त्याची जखम फार वाईट असते.

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाबद्दल शेतकऱ्यांनी थोडं जास्त लक्ष द्यावं. किर्लोस्करचं एव्ही-वन घ्या. ८० मिलीमीटर बोअर, ११० मिलीमीटर स्ट्रोक, १५०० फेऱ्यांना पाच हॉर्सपॉवर. अशा इंजिनात इंधन-पंपाखाली पातळ पत्र्याच्या पातऱ्या असतात, त्यांना शिम म्हणतात. पंप काढला की त्या तेलात भिजून एकमेकींना चिकटलेल्या असतात, एखादी खाली पडते, एखादी जुन्या चिंधीबरोबर फेकली जाते. वरवर काहीच बिघडत नाही. पण शिम कमी झाली की पंप खाली बसतो, डिझेल ठरल्यापेक्षा लवकर उडतं आणि इंजिन घणासारखं ठोकायला लागतं. मग पिस्टन बदलला जातो, नोझल बदललं जातं, आणि दोष असतो हरवलेल्या पत्र्याच्या चकतीत. पंप उतरवताना शिम मोजा, तारेत ओवून ठेवा आणि तितक्याच परत टाका. मोजायचं राहून गेलं असेल तर फ्लायव्हीलवरच्या खुणेशी इंधन उडण्याची वेळ जुळवून घ्या, कानाने अंदाज करू नका. नोझल गळत असेल तरीही ठोका येतो, पण तो काळ्या धुराबरोबर. नाशिककरांना नोझलची परीक्षा करून घ्यायला लांब जावं लागू नये, सातपूरचा बॉशचा कारखाना, ज्याला जुनी माणसं अजून मायको म्हणतात, नोझलसाठीच ओळखला जातो, आणि डिझेल पंपाचं काम शिकलेले हात शहरात आहेत.

डिझेलमध्ये पिस्टन वर आल्यावर त्याचं डोकं आणि हेड यांच्यात अगदी थोडी जागा उरते. ब्लॉकखालचं पॅकिंग पातळ पडलं की पिस्टन हेडला लागतो आणि प्रत्येक फेरीला टणक ठोका बसतो. हे तपासायला शिशाची तार पिस्टनवर ठेवतात, हेड आवळतात, फ्लायव्हील हाताने फिरवतात आणि चेपलेल्या तारेची जाडी मोजतात. इंजिनाच्या पुस्तकातल्या आकड्याशी ती जुळायला हवी. इंजिन बांधणाऱ्याने ही तार दाखवली नाही तर मागा. आणि सगळं उघडायच्या आधी फ्लायव्हीलची चावी पाहा. ती सैल असेल तर मंद चालीत क्रँकच्या बेअरिंगसारखाच जड ठोका येतो, त्या एका चावीपायी अख्खा क्रँक उतरवला जातो. पट्टा, कपलिंग, पायाचे बोल्ट यांचंही तेच.

आवाज नेमका शोधताना लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतात, ती रीत चांगली आहे. पण उपरणं, ओढणी, सैल बाही फिरत्या पट्ट्याजवळ न्यायची नाही. आणि तेल काढाल तेव्हा ते फेकण्याआधी पांढऱ्या फडक्यातून गाळा. राहिलेल्या चमकीवर लोहचुंबक फिरवा. चिकटली तर लोखंड, म्हणजे बेअरिंग, क्रँक, रिंगा. पांढरी पण न चिकटणारी असेल तर अ‍ॅल्युमिनियम, बहुधा पिस्टन. पिवळी असेल तर पितळी बुश. बांधणीनंतरच्या पहिल्या तेलबदलीत थोडी बारीक धूळ निघणं स्वाभाविक आहे, तुकडे निघणं नाही.

या सगळ्या गोष्टी आवाज आल्यानंतरच्या. तो येऊच नये म्हणून बांधणीच्या वेळी काही गोष्टींसाठी हट्ट धरा. बोअर करायला ब्लॉक एकटा पाठवू नका, नवा पिस्टन सोबत द्या, कारण बोअर त्या पिस्टनच्या मापाला करायचा असतो, डब्यावरच्या आकड्याला नाही. वाढीव पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलीमीटर अशा टप्प्यांनी मिळतात. जितकं कमी खाल्लं तितकं पुढच्या वेळी उरतं. बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी मोजून ते आकडे चिठ्ठीवर लिहून मागा. चांगला लेथवाला हे आनंदाने देतो. अशा माणसाचे दोन पैसे जास्त द्या, भाव करू नका. काढलेले जुने भाग पिशवीत भरून परत घ्या. बदललं काय आणि राहिलं काय, हे त्यातूनच कळतं. सुरुवातीचे पाचशे किलोमीटर गाडी अर्ध्या रेसच्या वर नेऊ नका, एकाच वेगात ताणू नका, आणि पहिलं तेल लवकर बदला. फवारणीचं इंजिन पहिले काही तास हलक्या कामावर चालवा, थेट दिवसभराच्या फवारणीला जुंपू नका.

खरड छाटणी एप्रिलमध्ये, गोडी छाटणी ऑक्टोबरमध्ये. इंजिनाचं काम काढायचं असेल तर त्याच्या महिनाभर आधी काढा, म्हणजे लेथवाल्याला मोजायला आणि तुम्हाला ऐकायला वेळ मिळेल. आणि आज घरी एखादं इंजिन ठोकत उभं असेल, तर ते सुरू करण्याआधी थंड-गरम, रिकामं-लोड, रेस देताना-सोडताना हे तीन प्रश्न कागदावर लिहा.